एक खुर्ची पुरे

व्यावसायिक कुस्तीतलं वैर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. दुसरं वाक्य लागत असेल तर लिहिणाऱ्याने कागद फाडावा आणि नव्याने बसावं.

शिष्याला गुरूच्या सावलीतून बाहेर पडायचंय. नोकराला मालकाचा माज उतरवायचाय. बापाला जे मिळालं नाही ते मुलाला मिळवायचंय. बस्स. एवढ्या भांडवलावर अमेरिकेत बेसबॉलची मैदानं भरली, टीव्हीचे प्रेक्षक कोटींत गेले, मागे पडलेल्या कंपन्या पुन्हा पुढे आल्या. तरीही 'हे पोराटोरांचं आहे' म्हणून नाक मुरडणारे भेटतातच. त्यांच्या जोडीला हल्ली आणखी काही मंडळी आली आहेत. त्यांना दर आठवड्याला नवं वळण हवं, नवं रहस्य हवं, पडद्यामागे कुणीतरी छुपा सूत्रधार हवा. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. साधं वैर रचणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम आहे, कारण गोष्ट साधी असली की ती रचणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ती प्रेक्षकाची होते.

१९८० साल घ्या. ब्रुनो सॅमार्टिनो हा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा लाडका मल्ल. जन्म इटलीतल्या डोंगरी गावातला. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैनिकांपासून जीव वाचवायला आई मुलांना घेऊन डोंगरात लपली होती, त्या मुलांपैकी हा एक. पुढे अमेरिकेत पिट्सबर्गला आला, वजनं उचलून शरीर कमावलं. मे १९६३ मध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवून त्याने अजिंक्यपद घेतलं आणि पहिल्या खेपेला ते साडेसात वर्षांहून अधिक काळ सांभाळलं. न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित कामगारांना तो घरचा माणूस वाटायचा.

लॅरी झबिस्को त्याचा शिष्य. त्याच पिट्सबर्गमध्ये वाढलेला आणि खरोखरच ब्रुनोच्या हाताखाली शिकलेला. वर्षानुवर्षं त्याची ओळख 'ब्रुनोचा चेला' एवढीच. त्याने गुरूला जाहीर सामन्याचं आव्हान दिलं. ब्रुनोला शिष्याशी लढायचं नव्हतं. लॅरी म्हणाला, तुम्ही लढला नाहीत तर मी कुस्ती सोडतो. गुरूने नाइलाजाने होकार दिला. सामन्यात ब्रुनो त्याला पकडीत घ्यायचा आणि सोडून द्यायचा. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याशी खेळावं तसं. त्या सोडून देण्यातच लॅरीचा अपमान होता. शेवटी त्याने लाकडी खुर्ची उचलली आणि गुरूच्या डोक्यात घातली.

इथे थांबून जरा बघा. यात काय नाही? अजिंक्यपदाचा पट्टा नाही, कट नाही, कुणाचा जुळा भाऊ नाही. एक मोठा माणूस, एक त्याच्या छायेत खुरटलेला माणूस आणि एक खुर्ची. लॅरीचं दुःख आपल्याला कळतं. ज्याला आयुष्यभर कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी विद्यार्थी म्हणूनच ओळखलं गेलं, त्या प्रत्येकाला ते कळतं. पण खुर्ची कुणालाच पटत नाही. दुःख खरं आणि कृती अक्षम्य, या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की खलनायक तयार होतो. उगाच दात विचकणारा माणूस प्रेक्षक आठवड्यात विसरतात. ज्याचं दुखणं खरं आहे, त्याच्यावर मात्र ते जीव तोडून चिडतात.

९ ऑगस्ट १९८० रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर, या दोघांचा शेवटचा हिशेब लोखंडी पिंजऱ्यात झाला. ३६,२९५ माणसं आली. अजिंक्यपद पणाला नव्हतं. त्या वेळी ते ब्रुनोकडे नव्हतंच. लोक एका प्रश्नाचं उत्तर घ्यायला आले होते आणि ब्रुनोने ते पिंजऱ्यातून आधी बाहेर पडून दिलं.

आता नेहमीचा आक्षेप. 'सगळं ठरलेलं असतं हो.' असतं. ही काही गुप्त बातमी नाही. १९८९ मध्ये हे सामने भरवणाऱ्या, व्हिन्स मॅकमहन यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सरळ मांडलं की हे मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नव्हे. क्रीडा नियामकांचे नियम आणि कर टळावेत म्हणून. कबुली कागदावर आली, तरी प्रेक्षक उठून घरी गेले नाहीत. कारण कोण जिंकणार हे कुणीतरी ठरवलंय, याने त्यांचं काही अडत नव्हतं. कोण जिंकायला हवं, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

मुंबईलाही हे नवं नाही. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्री स्टाइल लढतींना गर्दी लोटायची. हंगेरीत जन्मलेला, डोंगराएवढा किंगकाँग एका बाजूला आणि पंजाबचा देखणा, सरळ चालीचा दारासिंग दुसऱ्या बाजूला. १९६८ मध्ये जगज्जेतेपद अनेकदा भूषवलेला अमेरिकी मल्ल लू थेझ मुंबईत आला आणि दारासिंगकडून हरला. इथला प्रेक्षक मातीतली निकाली कुस्ती ओळखणारा होता. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती कशी दिसते हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तरी तो तिकीट काढून जायचा. त्याला कुणी फसवत नव्हतं. दोन माणसांकडे नुसतं बघून त्याला कळायचं की आपण कुणाच्या बाजूचे.

ब्रुनो-लॅरी लढले त्याच शे स्टेडियमवर, त्याच रात्री आणखी एक सामना झाला होता. आंद्रे द जायंट विरुद्ध हल्क होगन. होगन तेव्हा खलनायक होता. त्याने आंद्रेला उचलून आपटलंही होतं. पण सात वर्षांनी, १९८७ मध्ये, याच दोघांचं वैर पुन्हा रचताना कंपनीने जाहीर केलं की आंद्रे पंधरा वर्षं अजिंक्य आहे आणि त्याला कधी कुणी उचलून आपटलेलं नाही. धादांत खोटं. तरीही गोष्ट टिकली, कारण तिच्या पोटातला हेवा खरा होता.

होगनला तीन वर्षं अजिंक्य राहिल्याबद्दल भलामोठा चषक दिला गेला. मग आंद्रेलाही एक चषक मिळाला, जरा लहान. दोन चषकांच्या उंचीतला फरक कॅमेऱ्याने दाखवला आणि पुढचं सगळं वैर तिथेच जन्मलं. आंद्रे बॉबी हीनन या सर्वांना नकोशा व्यवस्थापकाला सोबत घेऊन आला आणि त्याने होगनचा शर्ट फाडला, गळ्यातला क्रूस ओढून काढला. मित्राच्या गळ्यातला क्रूस. त्यावर कुणाच्या भाष्याची गरज उरली नाही.

२९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधल्या पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये कंपनीचा मोठा वार्षिक सोहळा, रेसलमेनिया ३ झाला. कंपनीने जाहीर केलेला आकडा ९३,१७३. त्यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण छताला भिडलेली गर्दी चित्रफितीत दिसतेच. आंद्रेची पाठ तोवर शस्त्रक्रियेने आणि आजाराने निकामी होत आली होती. पोशाखाखाली पाठीला आधाराचा पट्टा बांधून तो उभा राहिला. त्याला फारसं हलता येत नव्हतं. सामना जेमतेम बारा मिनिटांचा आणि डावांची संख्या मोजकी. पण सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला गेला आणि त्याच्या वजनाखाली कोसळला. तिथून पुढे अख्ख्या स्टेडियमच्या डोक्यात एकच प्रश्न होता: उचलेल की नाही? आणि होगनने उचललं. ज्यांना कसरतींचीच कुस्ती आवडते, त्यांनी ही बारा मिनिटं पुन्हा बघावीत. प्रश्न स्वच्छ असेल तर एकच डाव पुरतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये या दोघांचा पुढचा सामना अमेरिकेत टीव्हीवर सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला.

साधेपणा म्हणजे भावनेचा उथळपणा, असं समजणाऱ्यांनी रँडी सॅव्हेजकडे वळावं. सॅव्हेज आणि होगन दोस्त झाले. सॅव्हेजची सोबतीण मिस एलिझाबेथ दोघांच्या कोपऱ्यात उभी राहू लागली. मार्च १९८८ मध्ये सॅव्हेज अजिंक्य झाला, तेव्हा त्या दोघांच्या आनंदात होगनही सामील होता. सॅव्हेजच्या डोळ्यांत तेव्हापासून काहीतरी सलत राहिलं. एक वर्ष ते सलणं हळूहळू वाढवलं गेलं. कधी एखादी नजर, कधी खांद्यावर जरा जास्त वेळ राहिलेला हात. १९८९ च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे अनेक मल्लांच्या एकत्र झुंजीत, होगनने त्यालाच दोरांबाहेर फेकलं. सॅव्हेजला मत्सराने आंधळं केलं, पण त्याच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं आज कोण म्हणेल? एका ओळीची गोष्ट होती, 'माझ्या मित्राला माझी बायको हवीय, असं मला वाटतं.' तिच्यात एवढं कोडं मावलं.

त्याच सॅव्हेजचा १९९१ चा शेवट मला या सबंध कलेतला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. लॉस एंजेलिसमध्ये अल्टिमेट वॉरियरशी सामना, हरेल त्याने निवृत्त व्हायचं. सॅव्हेज हरला. त्याची तेव्हाची व्यवस्थापक शेरी पडलेल्या माणसाला लाथा मारू लागली. प्रेक्षकांत बसलेली एलिझाबेथ धावत आली आणि तिने शेरीला बाहेर भिरकावलं. दोघं समोरासमोर उभी राहिली, मग मिठी. कॅमेऱ्याने प्रेक्षकांतले चेहरे दाखवले. लोक रडत होते. आणि निघताना सॅव्हेजने दोर वर उचलून धरले, एलिझाबेथला बाहेर पडता यावं म्हणून. इतकी वर्षं ते दोर तिने त्याच्यासाठी धरले होते. एक शब्द न बोलता एक माणूस बदलल्याचं सांगितलं गेलं. ज्यांना पात्राचा विकास म्हणजे लांबलचक संवाद वाटतो, त्यांनी हा दोर लक्षात ठेवावा.

स्टीव्ह ऑस्टिन आणि व्हिन्स मॅकमहन यांच्याबद्दल फार सांगायला नको. आपल्याकडे केबलवर वाढलेल्या पिढीला ते पाठ आहे. नोकर आणि मालक. जगात कुठेही, कुठल्याही भाषेत समजेल असं वैर. ऑस्टिन मालकाच्या तोंडावर बोलायचा, मालक त्याला नियमांत अडकवायचा. प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूचा 'नायट्रो' हा कार्यक्रम ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत पुढे होता. १३ एप्रिल १९९८ रोजी मॅकमहनच्या 'रॉ' या कार्यक्रमात ऑस्टिन आणि मॅकमहन समोरासमोर लढणार असं जाहीर झालं आणि ती मालिका तुटली. सामना त्या रात्री नीट झालाच नाही, मध्येच तिसरा माणूस घुसला. पण मालक नोकरासमोर रिंगणात उतरतोय एवढंच बघायला अमेरिका थांबली होती.

आता जखमेकडे येऊ. कारण साधी गोष्ट जमली की ती मोडण्याचा मोह सर्वांत जास्त होतो.

१९९६ मध्ये, तोवर डब्ल्यूसीडब्ल्यूत गेलेला होगन उलटून खलनायक झाला आणि एनडब्ल्यूओ नावाच्या टोळीने डब्ल्यूसीडब्ल्यूचा ताबा घ्यायला सुरुवात केली. कंपनीचा सर्वांत निष्ठावान मल्ल स्टिंग. टोळीने त्याच्यासारखा दिसणारा तोतया उभा केला आणि स्टिंगच्या मित्रांनी खऱ्या स्टिंगवरच संशय घेतला. तो निघून गेला. परतला तो पांढरा-काळा चेहरा रंगवून, हातात बॅट घेऊन. बोलणं बंद. सभागृहाच्या छताखालच्या तुळयांवर एकटा उभा राहून खाली बघायचा. कधी दोरीला लटकून खाली उतरायचा, टोळीला झोडायचा, पुन्हा निघून जायचा. वर्षभराहून जास्त काळ त्याने एकही सामना खेळला नाही. विश्वासघात झालेला माणूस गप्प आहे, आणि एक दिवस तो हिशेब करणार आहे. याहून स्वच्छ गोष्ट कुणी लिहिली नसेल.

२८ डिसेंबर १९९७, वॉशिंग्टन, 'स्टारकेड' हा कार्यक्रम. स्टिंग विरुद्ध होगन. पैसे मोजून घरी टीव्हीवर बघायच्या, म्हणजे पे-पर-व्ह्यू कार्यक्रमांत हा त्या कंपनीचा सर्वांत जास्त खपलेला ठरला. लोकांना काय हवं होतं? स्टिंगने यावं, होगनला लोळवावं, पट्टा घ्यावा. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी काय झालं? होगनने स्टिंगला पाडलं. पंचाने तीन मोजले. ते मोजणं मुद्दाम घाईचं असायला हवं होतं, म्हणजे स्टिंगवर अन्याय झाला असं दिसलं असतं. प्रत्यक्षात पंचाने नेहमीच्याच वेगाने मोजलं. मग ब्रेट हार्ट धावत आला, म्हणाला फसवणूक झाली, आणि त्याने सामना पुन्हा सुरू करायला लावला. ब्रेटच का? कारण सात आठवड्यांपूर्वी माँट्रियलमध्ये, दुसऱ्याच, म्हणजे मॅकमहनच्या कंपनीच्या रिंगणात, त्याची फसवणूक झाली होती. म्हणजे स्टिंगच्या गोष्टीचा शेवट कळायला प्रेक्षकाला एका वेगळ्या कंपनीतली, वेगळ्या माणसाची, वेगळी गोष्ट माहीत असायला हवी. स्टिंग जिंकला. पण नियमाने तो आधी स्वच्छ हरला होता. पुढच्याच महिन्यात वादामुळे पट्टा रिकामा जाहीर झाला.

एक वर्ष लोकांनी श्वास रोखून धरला होता. तो सोडायची जागा त्यांना दिली गेली नाही. मला याचा आजही राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही. ज्यांनी हा शेवट रचला त्यांना वाटलं असेल, नुसता विजय फार सरळ होईल. सरळच हवा होता! सरळ वचन दिलं की ते सरळ पाळावं लागतं.

तिथून कंपनीच्या गोष्टी गुंतत गेल्या. मल्ल कॅमेऱ्यासमोर पडद्यामागच्या पटकथेबद्दल भांडू लागले. काय ठरलेलं आणि काय खरं, याचीच कोडी घातली जाऊ लागली. एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्क्वेट या सिनेनटाला अजिंक्य केलं गेलं. मार्च २००१ मध्ये कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. बुडण्याची कारणं अनेक होती, पैशांची आणि टीव्ही वाहिनीची त्यात मोठी. पण प्रेक्षक आधीच पांगले होते. आपण कुणासाठी ओरडायचं, हे त्यांना कुणी सांगेनासं झालं होतं.

साधी म्हणजे छोटी, असं मात्र नव्हे. डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतलेल्या कंपनीतल्या रोमन रेन्स या मल्लाच्या ब्लडलाइन कुटुंबाची गोष्ट वर्षानुवर्षं चालली आणि तरी साधी राहिली. त्यातला सामी झेनचा भाग बघा. हा बाहेरचा माणूस, या दबंग कुटुंबात शिरायला धडपडणारा. हळूहळू सगळ्यांना आवडू लागला. मग २८ जानेवारी २०२३ रोजी सॅन अँटोनियोत रेन्सने त्याच्या हातात लोखंडी खुर्ची दिली. समोर दोरांना बेड्यांनी जखडलेला केव्हिन ओवेन्स, सामीचा दोन दशकांचा दोस्त. मार, म्हणाला. सामीने खुर्ची उचलली आणि रेन्सच्या पाठीत घातली. लॅरी झबिस्कोने खुर्ची मारून माणूसपण गमावलं होतं. सामीने खुर्ची मारून ते परत मिळवलं. मधल्या त्रेचाळीस वर्षांत या कलेला नवं हत्यार लागलं नाही.

आणि आता कोडी रोड्स. त्याचे वडील डस्टी रोड्स, एका प्लंबरचा मुलगा. पोट सुटलेलं, बोलणं रांगडं, कष्टकऱ्यांचा लाडका मल्ल. १९८५ मध्ये रिक फ्लेअरविरुद्ध बोलताना त्यांनी कारखान्यातून काढलेल्या कामगारांचं दुःख असं मांडलं की ते भाषण आजही दाखवलं जातं. पण न्यूयॉर्कच्या, म्हणजे याच कंपनीचा पट्टा त्यांना कधीच मिळाला नाही. १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुपरस्टार बिली ग्रॅहमला त्यांनी हरवलं, पण ग्रॅहम वेळेत रिंगणात परतला नाही म्हणून. अशा विजयाने पट्टा हातात येत नाही. डस्टी जून २०१५ मध्ये गेले. कोडी २०१६ मध्ये कंपनी सोडून गेला, एका नव्या कंपनीच्या उभारणीत राहिला, २०२२ मध्ये परतला आणि त्याने सरळ सांगितलं: वडिलांना न मिळालेला पट्टा मला हवाय. त्याच वर्षी जूनमध्ये छातीचा स्नायू फाटला, अर्धी छाती काळीनिळी पडली, तरी तो पिंजऱ्यात लढला. एप्रिल २०२३ मध्ये रेन्सकडून हरला. जानेवारी २०२४ मध्ये त्याने सलग दुसऱ्यांदा रॉयल रंबल जिंकलं.

मग २ फेब्रुवारी २०२४ ला द रॉक परतला आणि कोडीने रंबल जिंकून मिळवलेली, रेसलमेनियात रेन्सशी लढण्याची जागा त्याच्यासाठी सोडली. द रॉक हा हॉलिवूडचा तारा, शिवाय काहीच दिवसांपूर्वी मूळ कंपनीच्या संचालक मंडळावर आलेला. धंद्याच्या हिशेबाने याहून मोठा सामना नव्हता. प्रेक्षकांनी तो नाकारला. ऑनलाइन नापसंतीचा भडिमार झाला आणि सभागृहांत कोडीच्या नावाचा गजर सुरू झाला. आठवडाही पुरा झाला नाही तोच, ८ फेब्रुवारीला लास वेगासमध्ये कोडीने आपली जागा परत मागितली. ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात त्याने रेन्सची १,३१६ दिवसांची सत्ता संपवली. शेवटच्या सामन्यात कोण कोण घुसलं, किती जुने तारे आले, याची यादी लांब आहे. पण त्या गोंधळातही प्रश्न एकच होता, म्हणून कुणी वाट चुकलं नाही.

प्रेक्षकांना हे बंड का जमलं? कारण आपल्याकडून नेमकं काय हिसकावलं जातंय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. गोष्ट गुंतागुंतीची असती तर कुणीतरी समजावलं असतं की थांबा, पुढे खुलासा होईल, हा मोठ्या आराखड्याचा भाग आहे. एका ओळीच्या गोष्टीत असलं लपायला जागा नसते. लोक आकड्यांना, ताऱ्यांना आणि संचालक मंडळाला म्हणू शकले की हा शेवट आमचा आहे, आम्ही त्याची किंमत दोन वर्षं भरली आहे.

म्हणून वैर रचणाऱ्या प्रत्येकाला माझी मागणी आहे. रहस्य कमी करा, कारण वाढवा. खलनायकाला दुखणं द्या, नायकाला स्वप्न द्या, आणि मधल्या वाटेवर हवी तितकी वर्षं घ्या. मग शेवटी दिलेलं वचन पुरं करा. ज्याला प्रेक्षकाने शेवट ओळखण्याची भीती वाटते, त्याने दुसरा धंदा बघावा. ओळखलेला शेवट बघायलाच तर लोक तिकीट काढतात, आणि तो मागण्याचा हक्क त्यांचा आहे.